सैनिकाची पत

अमेरिकेत घर घेतलेल्या मराठी माणसाला दोन शब्द पाठ असतात, डाउन पेमेंट आणि क्रेडिट स्कोअर. पहिल्यासाठी आपण चार-पाच वर्षं काटकसर करतो. दुसऱ्याचा धसका तर एवढा, की मुलगा कॉलेजात गेल्या गेल्या त्याला कार्ड काढून देतो आणि वर दम भरतो, "एकही बिल चुकवायचं नाही, समजलं?" पण याच देशात एक घरकर्ज असं आहे की ज्याला बहुतेक वेळा डाउन पेमेंट लागत नाही, आणि ज्याच्या सरकारी नियमांत किमान स्कोअरचा आकडाच लिहिलेला नाही. ते म्हणजे सैन्यात नोकरी केलेल्यांसाठीचं व्हीए लोन.

टेक्सासात सॅन अँटोनिओला मी बावीस वर्षं घरकर्जाच्या फायली तपासल्या. फोर्ट सॅम ह्यूस्टन, लॅकलँड, रँडॉल्फ असे लष्करी तळ जवळच, त्यामुळे टेबलावर रोज दोन-चार फायली माजी सैनिकांच्या असायच्या. कुणाची बिलं थकलेली, कुणाची गाडी जप्त झालेली, एखाद्याचं दिवाळं निघालेलं. तरीही त्यांतल्या पुष्कळांना घर मिळायचं. हे कसं काय, याचं मला पहिल्यापासून कुतूहल. उत्तर शोधत गेलं की आपण थेट १९३२ सालात जाऊन पोचतो.

त्या उन्हाळ्यात हजारो माजी सैनिक वॉशिंग्टनला येऊन बसले. पहिल्या महायुद्धातल्या सेवेबद्दल त्यांना बोनस कबूल झाला होता, पण १९२४ च्या कायद्याप्रमाणे तो हातात पडणार होता १९४५ साली! मंदीत घरी चूल पेटत नव्हती, तेरा वर्षं थांबणार कोण? ॲनाकोस्टिया नदीकाठी त्यांनी झोपड्या घातल्या. २८ जुलैला जनरल मॅकआर्थरच्या फौजेने अश्रुधूर सोडून त्यांना हाकललं, झोपड्यांची राख झाली. आपल्याच सैनिकांवर आपलीच फौज. ही नाचक्की राजधानी विसरली नाही. दुसऱ्या महायुद्धात सुमारे १ कोटी ६० लाख लोकांनी गणवेश चढवला, तेव्हा हे सगळे परत आल्यावर काय, हा प्रश्न युद्ध संपायच्या आधीच ऐरणीवर आला.

अमेरिकन लीजन ही माजी सैनिकांची संघटना. तिचे हॅरी कोल्मरी यांनी वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलात बसून, हॉटेलच्याच कागदांवर, कायद्याचा मसुदा लिहिला. पुढे दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीत मतं अडकली. तेव्हा जॉर्जियात आजारी असलेल्या जॉन गिब्सन या प्रतिनिधीला रातोरात राजधानीत आणलं आणि त्याच्या मताने गाडं पुढे सरकलं. २२ जून १९४४ ला रूझवेल्ट यांची सही झाली. हेच ते जीआय बिल. त्यातून लाखो जण कॉलेजात गेले, हे सगळ्यांना ठाऊक असतं. घराची बाजू तेवढी कुणी सांगत नाही.

माझे बाबा मिरजेला एका पतसंस्थेत कारकून होते. तिथे कर्ज हवं तर दोन जामीनदार आणायला लागत. जामीनदार म्हणजे "याने बुडवलं तर मी भरीन" असं सही करून सांगणारा माणूस. जीआय बिलात सरकारने नेमकं हेच केलं. चार-चार वर्षं आघाडीवर काढलेल्या पोराकडे ना साठवलेले पैसे, ना दुकानदाराची उधारी फेडल्याचा पुरावा. त्यात त्याचा काय दोष? म्हणून सरकार त्याला जामीन राहिलं. सुरुवातीला हमी कर्जाच्या निम्म्यापर्यंत आणि जास्तीत जास्त २,००० डॉलर, व्याज ४ टक्क्यांच्या आत, मुदत २० वर्षं. एवढ्यात घर कुठलं यायला! डिसेंबर १९४५ मध्ये हमी ४,००० डॉलरवर गेली आणि मुदत २५ वर्षं झाली. १९५० मध्ये ७,५०० डॉलर आणि ३० वर्षं. १९५२ पर्यंत दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांची सुमारे २४ लाख कर्जं या हमीवर झाली. लाँग आयलंडवरच्या लेव्हिटटाउनची ७,९९० डॉलरची घरं भराभर खपली ती याच आधारावर.

पण जामीनदार कितीही तालेवार असला तरी कर्ज द्यायचं की नाही हे ठरवणार बँकवाला. ग्यानबाची मेख इथेच होती. १९४७ साली मिसिसिपी राज्यातल्या १३ शहरांत व्हीएच्या हमीची ३,२०० हून जास्त कर्जं झाली होती. त्यांतली कृष्णवर्णीय सैनिकांना किती? फक्त २. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली होती. तेच युद्ध, तोच कायदा, तीच हमी. पण बँकेच्या लेखी या माणसांना पतच नव्हती. काळ्या वस्त्या आधीच नकाशावर लाल रंगवलेल्या, तिथे कर्ज नाही. आणि लेव्हिटटाउनसारख्या नव्या वस्त्यांत गोऱ्यांशिवाय कुणाला प्रवेश नाही. म्हणजे जुनं घर घ्यायचं तर पैसे मिळेनात, नवं घ्यायचं तर घर मिळेना. १९६२ मध्ये केनेडींनी हुकूम काढून सरकारी मदतीच्या घरांत असा भेदभाव करायला बंदी केली आणि १९६८ मध्ये कायदा आला. तोवर पहिल्या वीस-पंचवीस वर्षांतली घरं घेऊन झाली होती आणि त्यांच्या किमती चढल्या होत्या.

बायकांचंही तेच. बायकोचा पगार हिशेबात धरायचा तर ती एवढ्यात मूल होऊ देणार नाही असं डॉक्टरचं पत्र आणा, इथवर काही बँकांची मजल गेली होती. १९७४ च्या समान पतसंधी कायद्याने ही थेरं बंद पाडली.

मग पत मोजायची कशी? पूर्वी खाजगी कंपन्या गावोगाव माणसं पाठवून माहिती गोळा करत. हा दारू पितो का, याचं बायकोशी पटतं का, शेजारी काय म्हणतात, सगळं त्या वहीत! आपल्याकडे लग्न ठरवताना चौकशी करतात ना, तसंच, पण ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला ती वही बघायची सोय नाही. १९७० च्या कायद्याने आपली नोंद बघण्याचा आणि चूक असल्यास हरकत घेण्याचा हक्क दिला. सात वर्षांहून जुनी बहुतेक थकबाकी अहवालातून काढायची, हेही तेव्हाच ठरलं. आज ज्याला आपण स्कोअर म्हणतो, तो फेअर आयझॅक कंपनीचा तीन आकडी फायको स्कोअर १९८९ सालचा. म्हणजे जीआय बिलाहून पंचेचाळीस वर्षांनी धाकटा. स्कोअरला चेहरा दिसत नाही, हे चांगलंच. पण माणूस तेव्हा कुठे होता, हेही त्याला दिसत नाही.

व्हीएचा हिशेब निराळा आहे आणि मला तो जास्त शहाणपणाचा वाटतो. तिथे विचारतात, घराचा हप्ता, कर, वीज-पाणी आणि बाकीची देणी भागवून महिन्याला हातात किती उरतं? माझ्या टेबलावरच्या तक्त्यात ८०,००० डॉलर किंवा त्यावरच्या कर्जासाठी दक्षिणेतल्या चौघांच्या कुटुंबाला १,००३ डॉलर लागत, ईशान्येकडे १,०२५. आपली आई महिन्याअखेरीला डब्यातले पैसे मोजायची तीच पद्धत! जुन्या चुकांबद्दलही नियम सरळ आहेत. चॅप्टर ७ चं दिवाळं किंवा घराची जप्ती होऊन दोन वर्षं गेली की सहसा ती आड येत नाही. चॅप्टर १३ मध्ये १२ महिने हप्ते वेळेवर भरले आणि कोर्टाकडून परवानगी मिळाली, तर विचार होतो. आणि मुळात क्रेडिटचा इतिहासच नसणं हा दोष मानत नाहीत, जे आपल्यासारख्या नव्याने आलेल्यांना फार कमी ठिकाणी ऐकायला मिळतं. २००८ ची पडझड झाली तेव्हा डाउन पेमेंट नसलेली ही कर्जं सबप्राइमपेक्षा कितीतरी चांगली तगली. माझ्या मते त्याचं श्रेय या डब्यातल्या हिशेबाला आहे.

यात आपल्या लोकांचा काय संबंध, असं कुणी विचारेल. भगतसिंग थिंद १९१८ मध्ये अमेरिकन सैन्यात होते. ते गोरे नाहीत म्हणून १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांचं नागरिकत्व नाकारलं, आणि अखेर १९३६ मध्ये ते मिळालं ते माजी सैनिक म्हणूनच. २००९ पासून २०१६ पर्यंत एका योजनेत हिंदी, पंजाबी अशा भाषा येणाऱ्या, ग्रीन कार्ड नसलेल्या मुलांनाही सैन्यात घेत होते. आणि इथे जन्मलेली आपली मुलं तर जातातच. घरचे चारचौघांत फारसं बोलत नाहीत, एवढंच.

असाच आमच्या ओळखीतला एक मुलगा. त्याची आई आमच्या मराठी शाळेत शिकवायची. एकोणिसाव्या वर्षी तळाच्या गेटबाहेरच्या दुकानातून त्याने भरमसाट व्याजाने जुनी गाडी घेतली. सैनिकांना ३६ टक्क्यांवर व्याज लावू नये असा कायदा २००६ मध्ये झाला, पण गाडीखरेदीचं कर्ज त्यात येत नाही. सेवेत असताना व्याज ६ टक्क्यांवर आणणारा दुसरा कायदा आहे, पण तो भरतीच्या आधीच्या कर्जांना. हा नेमका दोन्हींच्या मध्ये सापडला. अफगाणिस्तानहून परतला, २०१२ मध्ये बाहेर पडला, सहा महिने नोकरी नाही, गाडी ओढून नेली. स्कोअर ५७१. एका बँकेने फाइल उघडायच्या आधीच नाही म्हटलं. "काकू, मला कोण देणार लोन?" म्हणाला. आईने तर कुणाला कळू नये म्हणून मंडळात यायचंच सोडलं होतं.

मी त्याला सांगितलं, ती अट त्या बँकेची आहे, व्हीएची नाही. आमच्या ऑफिसातही ६२० च्या खाली घेत नसत; दुसरीकडे घेत. वर्षभर भाडं, फोन, कार्ड, सगळं तारखेच्या आत भर. मग गाडीचं काय झालं ते एका पानावर लिही. त्यात रडगाणं नको, तारखा हव्यात. वर्षाने त्याने दुसऱ्या ठिकाणी अर्ज केला. तोवर लग्न झालं होतं, मुलगी झाली होती. तिघांच्या कुटुंबाला ८८९ डॉलर उरायला हवे होते, त्याच्याकडे १,४०० च्या वर उरत होते. २०१४ च्या दसऱ्याला घराची किल्ली मिळाली.

ज्यांच्या घरात कुणी सेवेत आहे किंवा होतं, त्यांनी डीडी-२१४ हा सेवामुक्तीचा कागद जपून ठेवावा. पात्रतेचं प्रमाणपत्र त्यावरच निघतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. सेवेतल्या दुखापतीबद्दल भरपाई मिळत असेल तर कर्जावरची फंडिंग फीही माफ असते. पूर्वीच्या व्हीए लोनचं घर जप्त होऊन सरकारला भरपाई द्यावी लागली असेल, तर ती फेडेपर्यंत पूर्ण हक्क परत मिळत नाही. मात्र उरलेल्या हक्कावर दुसरं घर घेता येतं का, हे जरूर विचारावं. सेवेत असताना किंवा सेवेतल्या दुखापतीने ज्यांचा जोडीदार गेला, त्यांनाही हा हक्क मिळू शकतो. अशा दोघी माझ्याकडे आल्या होत्या. कर्ज आपल्या नावावर होऊ शकतं हे दोघींनाही कुणी सांगितलेलं नव्हतं.