रेषेपासून पुंजक्यापर्यंत : निष्क्रिय वायूंच्या उजेडाचा मागोवा

अकलूजहून पंढरपूर, मंगळवेढा, विजापूर करीत आपण दक्षिणेला उतरलो की जमखंडी लागते. पटवर्धनांच्या या संस्थानात 18 ऑगस्ट 1868 च्या सकाळी लेफ्टनंट जॉन हर्शेल खग्रास ग्रहणासाठी वर्णपटदर्शक रोखून बसला होता. आभाळ भरलेले होते. ढगांच्या फटींतून त्याला सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांच्या तीन तेजस्वी रेषा दिसल्या : तांबडी, नारिंगी आणि निळी. नारिंगी रेषा त्याने सोडियमची मानली. विजयदुर्गावर आज ज्याची आठवण काढतात तो नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्येच होता. त्या वर्षाअखेरीपर्यंत तिथूनच त्याने ही रेषा सोडियमपासून वेगळी काढली आणि पुढे तिच्या धन्याला हेलियम हे नाव मिळाले. 1895 मध्ये रॅम्सेला तो युरेनियमच्या खनिजात सापडला. 1898 मध्ये रॅम्से आणि ट्रॅव्हर्स यांनी निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन शोधले आणि 1910 मध्ये जॉर्ज क्लोदने पॅरिसमध्ये निऑनची नळी उजळली.

इथवरचा उजेड एकएकट्या अणूंचा होता. 1930 मध्ये हॉपफील्डला हेलियमच्या दूरच्या अतिनील प्रकाशात सलग पट्टा आढळला. एरवी कुणाशी न जुळणारा हा अणू उद्दीपित झाला की त्याचा एक इलेक्ट्रॉन दूरच्या कक्षेत जातो आणि उरलेला भाग शेजारच्या अणूला धरून ठेवतो. प्रकाश टाकताच ही जोडी फुटते. त्या फुटण्यात काही ऊर्जा खर्च होते, म्हणून रेषेच्या जागी रुंद पट्टा उमटतो. एकट्या आरगॉनची रेषा 107 नॅनोमीटरच्या आसपास असते, जोडीचा पट्टा मात्र 126 च्या.

पुढचे वळण जर्मनीतले. दाबाखालचा वायू बारीक तोंडातून निर्वातात सोडला की तो गारठतो आणि अणू एकमेकांना चिकटून पुंजके होतात. 1956 मध्ये बेकर आणि सहकाऱ्यांनी असे झोत तयार केले. 1980च्या दशकाअखेरीस हॅम्बुर्गमध्ये म्योलर यांच्या गटाने सिंक्रोट्रॉनच्या किरणांनी पुंजके उद्दीपित केले. पुंजक्याचा आकार वाढवत नेला, तसा सुट्या अणूचा स्वभाव गोठलेल्या घनाकडे कसा सरकतो, हे त्यांनी पायरीपायरीने मांडले.

हा रस्ता आज मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेपर्यंत येतो. 2013 मध्ये तिथे एम. कृष्णमूर्ती आणि सहकाऱ्यांनी आरगॉनच्या पुंजक्यांवर प्रखर लेसरचे स्पंद सोडले. पुंजक्यांतून उडालेल्या वेगवान आयनांनी भोवतालच्या उद्दीपित पुंजक्यांकडून इलेक्ट्रॉन घेतले आणि ते भाररहित अणू म्हणून बाहेर पडले. 1868 मध्ये अणूंची जी उद्दीपित अवस्था केवळ दुरून वाचता येत होती, ती आता वेगवान अणूंचे झोत घडवण्याच्या कामी येते.