श्वास आणि विद्युत्

सुषिर वाद्याचें मर्म श्वासांत आहे, हें वाचकांस निराळें सांगावयास नको. मग ज्या वाद्यांत फुंकरीनें हवेचा स्तंभ कंप पावतच नाहीं, त्यास सुषिर म्हणावें काय?

१९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत बिल बर्नार्डी यांनीं ‘लिरिकॉन’ रचलें. त्यांत श्वासाचा जोर व ओठांचा दाब विद्युत्संकेतांत उतरे. नाद मात्र यंत्र निर्माण करी. पुढें १९८७ सालीं दोन वाटा स्पष्ट झाल्या. ट्रंपेटवादक नाइल स्टायनर यांच्या रचनेवरून आकाईनें ‘ईडब्ल्यूआय’ काढलें. त्याच्या कळा हलत नाहींत, नुसता स्पर्श पुरतो. सप्तक बदलावयास डाव्या अंगठ्याखालीं रूळ असतात. यामाहाच्या ‘डब्ल्यूएक्स ७’ च्या कळा मात्र सॅक्सोफोनप्रमाणें दाबाव्या लागतात.

वादकाची अडचण येथेंच आहे. कळांवर बोटें विसावण्याची ज्यास जन्माची संवय, त्याचें विसावलेलें बोट पहिल्या वाद्यावर नको तो स्वर काढतें. तरीही मायकेल ब्रेकर यांच्यासारख्या थोर सॅक्सोफोनवादकानें तेंच आपलेंसें केलें, आणि सॅक्सोफोनच्या आवाक्यापलीकडचीं सप्तकें त्यांच्या हातीं आलीं.

म्हणून आम्हांस असें वाटतें कीं, जुनी संवय राखावयाची असेल त्यानें दबणाऱ्या कळा घ्याव्या. नवें शिकण्याची उमेद असेल त्यानें स्पर्शाच्या. परंतु घेण्यापूर्वीं एक स्वर धरून श्वास हळूहळू सोडून पाहावा. स्वर श्वासाबरोबरच मावळला, तर तें वाद्य सुषिरांच्या कुळांतलेंच समजावें.