एकमार्गी वारसा

केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स या संगणक-प्रणालीचा पाया घातला. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीपर्यंत तिचा ‘शेल’, म्हणजे माणसाची आज्ञा यंत्रापर्यंत नेणारा दुभाषा, ठरल्या जागीच आज्ञा शोधत असे. आधी हाताशी, मग ‘बिन’ नावाच्या कप्प्यात, शेवटी ‘यूएसआर’मधल्या ‘बिन’मध्ये. आपली हत्यारे अन्यत्र ठेवणाऱ्याला दर वेळी पूर्ण पत्ता लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हते.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांचा नवा शेल आला आणि त्याच्याबरोबर ‘एन्व्हायरन्मेंट’ आले. नाव कितीही भारदस्त असो, ती होती नावे व मूल्ये यांच्या जोड्यांची साधी यादी! ‘होम’ म्हणजे वापरणाऱ्याचे घर, ‘पाथ’ म्हणजे आज्ञा धुंडाळण्याची वाट. प्रत्येक प्रोग्राम आपल्या पोटी जन्मलेल्या प्रोग्रामला सहसा या यादीची नक्कल देतो, मूळ नव्हे. मुलाने तीत केलेला फेरफार बापाच्या दप्तरी कधीच पोचत नाही.

वारसा असा खालीच उतरत असल्याने, सर्वांसाठी एखादे मूल्य ठरवायचे तर उगमाशीच जावे लागते. म्हणून व्यवस्थापक ते ‘ईटीसी’ कप्प्यातील ‘प्रोफाइल’ या फाइलीत लिहितो. परंतु ती वाचतो लॉगिनच्या वेळचा शेल; यंत्र सुरू होताच परभारे उभ्या राहणाऱ्या सेवांना तिचा गंधही नसतो. लिनक्सच्या काही वितरणांत त्याच कप्प्यात ‘एन्व्हायरन्मेंट’ नावाची वेगळी फाइल असते. तीत केवळ जोड्या चालतात, शेलच्या आज्ञा नव्हेत. शिवाय आधीच आत आलेल्याला बाहेर पडून पुन्हा यावे लागते. परिपत्रक निघाले म्हणून ते प्रत्येक टेबलावर पोचलेच असे थोडेच असते?

वारशाने आलेले सारे विश्वासार्हच, ही समजूत मात्र महागात पडली. ‘बॅश’ या लोकप्रिय शेलला या यादीतून कार्यांच्या व्याख्याही घेता येत. व्याख्येच्या शेपटाला कोणी आज्ञा जोडली, तर शेल सुरू होतानाच तीही अमलात आणी. १९८९ पासूनचा हा दोष स्टेफान शाझेलास यांना २०१४ च्या सप्टेंबरात आढळला. दरम्यान अनेक वेब-सर्व्हर परक्या पाहुण्याने पाठवलेला मजकूर याच यादीत भरून आपल्या प्रोग्रामांना देऊ लागले होते. साहजिकच त्रयस्थाला दुसऱ्याच्या यंत्रावर हुकूम चालवता येऊ लागला. घाईघाईने दुरुस्त्या निघाल्या. तेव्हापासून बॅश अशा व्याख्या विशिष्ट खुणेच्या नावांखालीच स्वीकारतो.