गॉल्फमधील झोका : खांद्यांच्या नियंत्रणाचा इतिहास

गॉल्फच्या खेळात काठी मागे उचलून पुन्हा चेंडूवर आणण्याच्या अखंड क्रियेस झोका किंवा स्विंग म्हणतात. मागच्या झोक्यात खांदे सु. ९०° व कंबर सु. ४५° वळते. उतरत्या झोक्यात हा पीळ कोणत्या क्रमाने उकलावा, हा या तंत्रातील मध्यवर्ती प्रश्न होय. उतरता झोका पाव सेकंदाच्या आसपास संपतो आणि काठीचा चेंडूशी स्पर्श सु. अर्धा सहस्रांश सेकंदच टिकतो. त्यामुळे आपण नेमके काय केले, हे निष्णात खेळाडूलाही सांगता येत नाही. खेळाडूला जाणवणारी हालचाल व प्रत्यक्ष हालचाल यांतील अंतर ओळखत जाणे, हेच या तंत्राच्या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे.

ब्रिटिशांबरोबर हा खेळ भारतात आला. कलकत्त्यात १८२९ मध्ये, तर मुंबईत १८४२ मध्ये गॉल्फ क्लब स्थापन झाला. त्या काळी पिसे ठासून भरलेला चामडी चेंडू वापरीत. पुढे हिकरी लाकडाचे दांडे रूढ झाले. असा दांडा जोराच्या झोक्यात स्वतःभोवती पिळवटतो. म्हणून संथ लय व मनगटांचे कसब यांवर भर असे. सेंट अँड्रूझ येथील नियामक संस्थेने १९२९ मध्ये पोलादी दांड्यास मान्यता दिली. हा दांडा फारसा पिळवटत नसल्याने कंबर व पाय यांच्या मोठ्या स्नायूंचे बळ निर्धास्तपणे वापरणे शक्य झाले.

मात्र बळ लावण्याच्या घाईत खांदेच आधी फिरू लागतात, हा नवशिक्याचा नेहमीचा दोष आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवा खांदा अशा वेळी चेंडूच्या दिशेने बाहेर फेकला जातो, काठी बाहेरून आत तिरपी येते आणि चेंडू बहुधा उजवीकडे वळत जातो. अमेरिकन खेळाडू बेन होगन (१९१२–९७) याने १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाठांत उतरत्या झोक्याचा आरंभ कमरेने करावा, असे आग्रहाने सांगितले. १९४९ च्या मोटार-अपघातात तो गंभीर जखमी झाला होता. तरीही १९५० मध्ये त्याने अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली.

त्याआधीच, १९३० नंतरच्या दशकात, हॅरल्ड एजर्टन याने लखलखत्या प्रकाशाच्या साहाय्याने झोक्याची क्रमवार छायाचित्रे घेतली होती. ॲलिस्टर कॉक्रन व जॉन स्टॉब्स यांच्या १९६८ च्या ग्रंथात झोक्याचे विवेचन जोडलंबकाच्या प्रतिकृतीने केले आहे. खांद्यांच्या मध्याभोवती फिरणारे हात हा पहिला लंबक व मनगटाशी जोडलेली काठी हा दुसरा. आतला लंबक मंदावत असताना बाहेरचा वेग घेतो. म्हणून आधी कंबर, मग खांदे, त्यानंतर हात व शेवटी काठी असा क्रम लाभदायक ठरतो. खांद्यांचे नियंत्रण म्हणजे ते रोखून धरणे नव्हे, तर त्यांची पाळी येईपर्यंत थांबणे होय. या तंत्राला शारीरिक किंमतही आहे : कमरेच्या तुलनेत खांदे अधिकाधिक वळविण्याच्या प्रयत्नात पाठीच्या खालच्या भागावर ताण पडतो आणि तेथील दुखापती गॉल्फपटूंत वारंवार आढळतात.

महाराष्ट्रात या खेळाची मैदाने प्रामुख्याने क्लबांच्या ताब्यात राहिली. पुणे (१८७९) व मुंबईतील चेंबूर (१९२७) ही त्यांतील ठळक केंद्रे होत. काठ्या वाहणाऱ्या कॅडी मुलांना औपचारिक शिक्षण क्वचितच मिळे. सभासदांचा खेळ पाहूनच ती झोका शिकत. चेंबूरजवळच्या वस्तीत वाकविलेल्या लोखंडी सळीने गल्लीत गॉल्फ खेळणारी मुले याच परंपरेतील आहेत. पुण्यात जन्मलेला अनिर्बाण लाहिरी २०१५ च्या अमेरिकन पीजीए स्पर्धेत संयुक्त पाचवा आला. २०२१ मध्ये झालेल्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये तो व उदयन माने यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. झोक्याचे शास्त्र आता ग्रंथांत व चित्रफितींत सर्वांस उपलब्ध आहे; पूर्ण झोका घेण्याइतकी मोकळी जागा मात्र अद्याप थोड्यांनाच लाभते.