विहिरीतला उंदीर आणि माणसाचा हात

मदरशांत आजही शिकवला जाणारा ‘हिदाया’ हा हनफी ग्रंथ तहारतच्या, म्हणजे पाकीच्या प्रकरणाने सुरू होतो. तो लिहिणारे फरगान्याचे बुरहानुद्दीन मर्गिनानी 1197 मध्ये वारले. नमाज, रोजा, हज नंतर, आधी पाणी. विहिरीत उंदीर मेला तर तो काढून 20 ते 30 बादल्या पाणी उपसावे, कोंबडी किंवा मांजर मेले तर किमान 40, शेळी किंवा कुत्रा मेला तर सगळी विहीर उपसावी. नळाच्या जमान्यात हे वाचून हसू येते. पण जिथे साऱ्या वस्तीला एकच विहीर, तिथे ती कायमची टाकून न देता पुन्हा वापरात कशी आणायची, याचा हा हिशेब होता.

आम्ही कोकणी मुसलमान शाफई. आमचा हिशेब वेगळा. दोन कुल्ले, म्हणजे दोन मोठे रांजण भरतील एवढे पाणी असेल, तर घाण पडूनही रंग, वास, चव बदलेपर्यंत ते नापाक होत नाही. कुत्र्याने भांडे चाटले तर मात्र आम्ही ते सात वेळा धुणार, त्यातही एकदा मातीने. हनफी तीनदा धुवून मोकळे!

हे सगळे वाद आहेत वस्तूंचे: रक्त, मूत, मेलेले जनावर. माणसाच्या उष्ट्यावर मात्र ‘हिदाया’ फारसा अडत नाही. ते पाक आहे. पिणारा मुसलमान असो वा नसो, त्याला गुस्लची गरज असो वा बाई पाळीत असो. हदीसमध्ये हजरत अबू हुरैरांचा प्रसंग येतो. गुस्ल बाकी होते म्हणून ते प्रेषित मुहम्मद (स.) यांना टाळून निघून गेले आणि अंघोळ करून परतले. प्रेषितांना नवल वाटले. मोमिन असा नापाक होत नसतो, असे त्यांनी समजावले. गुस्लशिवाय नमाज होत नाही, पण अशा माणसाच्या शेजारी बसल्याने दुसऱ्याचे काही बिघडत नाही.

मग इतरांचे काय? सूरह तौबाच्या 28व्या आयतीत मुश्रिकांना ‘नजस’ म्हटले आहे. इब्न हज्म यांनी आणि अनेक शिया फकिहांनी ते शरीराला लावले. बहुतेक सुन्नी फकिहांनी मात्र ती नापाकी श्रद्धेची मानली, आणि मला तेच पटते. प्रवासात एका मुश्रिक बाईच्या पखालीतले पाणी सहाबांनी वापरले होते. बनू हनीफाचा सरदार सुमामा बिन उसाल इस्लाम स्वीकारण्याआधी कैदी होता, तेव्हा त्याला मदीनेच्या मशिदीतच खांबाला बांधून ठेवले होते.

आता आपल्याकडे या. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी मुसलमान भरत, गुरे पीत. अस्पृश्यांना मनाई होती. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्या अनुयायांनी ते पाणी प्यायले, तर सवर्णांनी 108 घागरी पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ केले. माणसाने ओंजळ बुडवली म्हणून किती बादल्या उपसाव्यात, हा मसला माझ्या वाचनात कुठल्याच फिकहच्या किताबात आलेला नाही.

पण आपण हात झटकू नयेत. पाकिस्तानवरच्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी 1901च्या बंगालच्या जनगणनेतला उतारा दिला आहे. त्यात अश्रफ आणि अजलाफ यांच्या खाली ‘अरजल’ येतात. त्यांच्यात इतर मुसलमान मिसळत नसत, त्यांना मशिदीत येण्याची आणि सार्वजनिक कब्रस्तान वापरण्याची बंदी होती. सुमामा तर तेव्हा मुसलमानही नव्हता. हे अरजल कलमा पढणारे होते.