भिगवण पाणथळ
पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील, उजनी धरणाच्या फुगवट्याने बनलेला उथळ जलप्रदेश. भीमा नदीवरील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. हिवाळ्यापासून पाणी ओसरू लागले की काठचा गाळ उघडा पडतो. शेतकरी तिथे गाळपेर करतात आणि नेमक्या त्याच चिखलात रोहित (अग्निपंख), चक्रवाक, पट्टकादंब चारा शोधतात. संवर्धनाचा खरा पेच इथेच आहे. काठावरच्या उसाला उपसा सिंचनाने पाणी मिळते, पण शेतातली खते-कीटकनाशके पावसाबरोबर जलाशयात उतरतात. बारामतीकडे नीरा डाव्या कालव्याखाली अतिसिंचनाने जमिनी चोपण (क्षारांमुळे नापीक) झाल्या. तो इशारा इथेही लागू पडतो. काठाला गवताचा पट्टा राखणे, ठिबक आणि मोजकी खते हे उपाय शेतकऱ्याच्याही हिताचे आहेत. जलाशयाकाठच्या कुंभारगावात मच्छीमार नावेतून पक्षी दाखवतात. पाणथळ टिकण्यावर त्यांचीही चूल अवलंबून आहे.