ग्रेपफ्रूटवरची चमचाभर साखर



गेल्या हिवाळ्यात लेकीकडे ह्यूस्टनला होते. तिथे नोव्हेंबरपासून बाजारात ग्रेपफ्रूटचे ढीग लागतात. टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात त्याच्या बागा आहेत. सकाळी नवकारशी झाली की लेक एक फळ आडवं कापायची, वर चमचाभर साखर घालायची आणि अर्धं अर्धं आमच्या पुढे ठेवायची. चूल नाही, फोडणी नाही, शिळंपाकं नाही. मला हा नाश्ता फार आवडला. सासूबाईही आमच्याबरोबर होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी तोंडात घास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर आपलं पपनस!"

त्यांचं म्हणणं निम्मं बरोबर निघालं. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि मोसंबीच्या जातीचं गोड संत्रं यांच्या संकरातून झालेलं फळ. (आपलं नागपुरी संत्रं निराळं, सुट्या सालीचं. मोसंबी ही वेगळी जात.) दोन्ही फळं मूळची आशियातली. जहाजांतून ती वेस्ट इंडीजच्या बेटांवर गेली, तिथे शेजारी शेजारी लावली गेली आणि कोणी न ठरवता त्यांच्यापासून हे तिसरं फळ झालं. गंमत म्हणजे मोसंबीच्या वंशातही आधीच पपनस आहे, त्यामुळे ग्रेपफ्रूटचं आजोळ दोन्हीकडून पपनसाकडेच जातं. गणपतीच्या दिवसांत बाजारात जी मोठी हिरवट-पिवळी पपनसं दिसतात, त्यांची ही परदेशात वाढलेली नात म्हणा. बंगालीत पपनसाला 'बाताबी लेबू' म्हणतात. बाताबी म्हणजे बटाविया, डच लोकांचं जावातलं ठाणं. एकेका फळाच्या नावात जहाजाचा मार्ग असा दडलेला असतो.

आता नाश्ता कसा करायचा ते आधी सांगते, नाहीतर इतिहासात ते राहून जाईल. फळ धुऊन पुसून आडवं कापायचं, म्हणजे फोडी चाकाच्या आऱ्यांसारख्या दिसतात. सुरीच्या टोकाने आधी बिया अख्ख्या उचलून काढायच्या, त्यांच्यावरून सुरी फिरवायची नाही. मग प्रत्येक फोडीच्या कडेने सुरी फिरवून गर पापुद्र्यापासून सुटा करायचा आणि मधला पांढरा देठ काढून टाकायचा. कडवटपणा सगळा पांढऱ्या भागात आणि पापुद्र्यात जास्त असतो. वर एक लहान चमचा साखर पसरून दहा मिनिटं ठेवायचं. साखर रस ओढून घेते आणि वाटीसारख्या त्या सालीतच पाक तयार होतो. चिमूटभर मीठ घातलं तर आणखी गोड लागतं, कारण मीठ कडू चव दाबतं. ज्यांना सालीत खाणं जमत नाही त्यांनी पपनसासारखं सोलून, पापुद्रे काढून, वाटीत गर घ्यावा आणि किसलेला गूळ व वेलदोड्याची पूड घालावी. मला तर हीच रीत जास्त आवडते.

अमेरिकेतल्या जुन्या पद्धतीत हे फळ आदल्या रात्री कापून, साखर घालून, थंडीत ठेवत आणि सकाळी खात. आपल्याला ते चालायचं नाही. काही जणी मध घालतात, काही ठिकाणी वर दारूत मुरवलेली चेरी ठेवायची पद्धत होती. मद्य आणि मधु, आपल्या अष्टमूलगुणांत ज्यांचा त्याग पहिल्याच ओळीत येतो, तेच दोन्ही! तेव्हा साखर किंवा गूळ, एवढंच. बहुबीज फळ म्हणून कोणी शंका काढली तर तिला फोड उघडून दाखवा. बियांना स्वतंत्र घर नसतं ते बहुबीज, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. इथे प्रत्येक फोडीला भिंत आहे आणि बिया आपापल्या घरात आहेत. हल्लीच्या जातींत तर बिया जवळजवळ नसतातच.

या फळाचं पहिलं इंग्रजी नाव ऐकून मी चमकले. १७५० मध्ये ग्रिफिथ ह्यूज नावाच्या पाद्र्याने बार्बाडोस बेटाच्या निसर्गावर मोठं पुस्तक छापलं. त्यात तो एका लिंबूवर्गीय झाडाला 'निषिद्ध फळाचं झाड' म्हणतो. पुढच्याच वर्षी, १७५१ मध्ये, एकोणीस वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन आपल्या आजारी सावत्र भावाला हवापालटासाठी घेऊन बार्बाडोसला गेला होता. एका मेजवानीत जेवणानंतर मांडलेल्या फळांची त्याने रोजनिशीत यादी केली, तीत डाळिंब, पेरू, गोड संत्रं यांच्याबरोबर 'निषिद्ध फळ'ही आहे. पुढे १८३० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मॅकफॅडियन याने शास्त्रीय नाव दिलं, त्यातही 'पॅराडिसी' म्हणजे स्वर्गातलं हा शब्द आला. 'ग्रेपफ्रूट' हे नाव १८१४ च्या जमैकातल्या एका पुस्तकात सापडतं. चव द्राक्षासारखी म्हणून हे नाव, असं तिथे लिहिलंय. मी कितीदा चाखून पाहिलं, मला द्राक्षाची चव काही लागली नाही. झाडावर फळं घोसाने लागतात म्हणून ते नाव, असंही कोणी सांगतात. ते जास्त पटतं.

निषिद्ध फळ हे नाव बायबलमधल्या गोष्टीवरून आलेलं. ते फळ देवाने खाऊ नका म्हटलं म्हणून निषिद्ध. आपल्याकडे अभक्ष्य ठरतं ते जीवहिंसेवरून, कोणाच्या आज्ञेवरून नाही. तिथे विचारायचं असतं ते एवढंच, की हे माझ्या ताटात येईपर्यंत किती जीवांना त्रास झाला. या प्रश्नाने मी वाचत गेले आणि फळापाशी न थांबता साखरेपाशी जाऊन पोचले.

कारण बार्बाडोस हे फळांचं बेट नव्हतंच. सोळाशे चाळीसच्या दशकापासून ते ऊसमळ्यांचं बेट होतं. आफ्रिकेतून माणसं पकडून, साखळदंडात जहाजातून आणून, तिथे गुलाम म्हणून राबवत. ऊसतोड, चरक, उकळत्या काहिली, सगळं त्यांच्या अंगावर. चरकात हात सापडला तर तोडायला कुऱ्हाड जवळ ठेवलेली असे. माणसं इतकी मरत की मळे चालू ठेवायला नवी माणसं सतत आणावी लागत. ज्या मेजवानीची यादी वॉशिंग्टनने हौसेने लिहिली, ती त्याच मळ्यांच्या पैशावर झाली होती. आपल्या पश्चिम महाराष्ट्रात उसाचा पट्टा आहे, ऊसतोड कामगारांच्या टोळ्या आपण दर वर्षी दारावरून जाताना पाहतो. काहिलीची धग काय असते हे गुऱ्हाळावर गेलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. म्हणून हे वाचताना मला ते लांबचं वाटलं नाही.

आणि मग सापडली ती गोष्ट, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. एप्रिल १७९१ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव फेटाळला. त्यावर विल्यम फॉक्स याने एक छोटी पुस्तिका काढली. पार्लमेंट ऐकत नसेल तर आपण वेस्ट इंडीजची साखर आणि रम घेणं सोडू, असं त्याचं म्हणणं. त्याने हिशोबच मांडला. आठवड्याला पाच पौंड, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास साखर वापरणाऱ्या एका कुटुंबाने तेवढ्या प्रमाणातल्या रमसह ती एकवीस महिने सोडली, तर एक माणूस गुलामीतून किंवा मरणातून वाचतो. हिशोब किती काटेकोर होता ते सोडा. पण साखरेच्या डब्याचा आणि एका माणसाच्या जिवाचा असा थेट संबंध जोडणारा विचार आपल्याला किती ओळखीचा वाटतो! तेव्हाच्या एका चळवळ्याचा, थॉमस क्लार्कसनचा, अंदाज असा की सुमारे तीन लाख लोकांनी साखर सोडली.

आता बघा, स्त्रियांना तेव्हा मत नव्हतं, पार्लमेंटमध्ये जागा नव्हती. पण घरात साखर कुठली आणायची आणि चहात घालायची की नाही, हे त्यांच्या हातात होतं. त्यामुळे चळवळ स्वयंपाकघरात आली आणि बायकांनी ती चालवली. लहान मुलांनीही गोड सोडल्याच्या हकिकती आहेत. पुढे १८२० च्या दशकात एलिझाबेथ हेरिक या लेस्टर शहरातल्या बाईने पुन्हा घरोघरी जाऊन गृहिणींना हीच विनंती केली. हळूहळू, टप्प्याटप्प्याने गुलामी बंद करू, असं पुढारी पुरुष म्हणत होते. १८२४ मध्ये हिने पुस्तिका काढून विचारलं, हळूहळू का, ताबडतोब का नाही? काही पुढाऱ्यांना ते रुचलं नाही. पण बायकांच्या मंडळ्यांनी हट्ट सोडला नाही. १८३३ मध्ये कायदा झाला आणि १ ऑगस्ट १८३४ पासून तो अमलात आला. त्यातही 'उमेदवारी'च्या नावाखाली आणखी काही वर्षं राबवून घेतलंच.

या काळात साखरेची खास भांडी निघाली होती. त्यांवर लिहिलेलं असे की ही ईस्ट इंडियाची साखर आहे, गुलामांनी केलेली नाही. ईस्ट इंडिया म्हणजे आपला हिंदुस्थान. कंपनी सरकारच्या राज्यात आपल्याकडचा ऊस पिकवणारा फार सुखात होता असं मी म्हणणार नाही. भांड्यावर लिहिलेलं सगळंच खरं नसतं.

आपण दशलक्षणात रसत्याग करतो. कोणी तूप सोडतं, कोणी मीठ, कोणी गोड. त्यागाच्या मागे कर्मनिर्जरेचा भाव असतो आणि तो त्या इंग्रज बायकांच्या मनात नव्हता, हे मला मान्य आहे. दोन्ही एकच असं मी म्हणत नाही. पण चहाचा कप हातात घेऊन साखरेच्या भांड्याकडे पाहणाऱ्या आणि हात मागे घेणाऱ्या त्या बाईला पाहून माझ्या आजेसासूबाई म्हणाल्या असत्या, ही आपल्यातलीच दिसते.

लेकीला हे सगळं सांगत होते तर तिने साखरेची पिशवी फिरवून दाखवली. मला माहीत नव्हतं, अमेरिकेत उसाची पांढरी साखर शुभ्र करायला काही कारखान्यांत जनावरांच्या हाडांचा कोळसा वापरतात. म्हणून ती सेंद्रिय म्हणून विकली जाणारी साखर किंवा बिटाची साखर आणते, कारण त्यांत तो वापरत नाहीत. (बीट कंदमूळ, मग त्याची साखर चालते का, यावर आमच्यात अर्धा तास चर्चा झाली. शेवटी उसाची सेंद्रियच बरी असं ठरलं.) ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी एवढं बघून घ्या.

बाकीचा इतिहास थोडक्यात सांगते. एकोणिसाव्या शतकात हे फळ फ्लोरिडात पोचलं. शतकाच्या शेवटी न्यूयॉर्कसारख्या शहरांत महागडी अपूर्वाई म्हणून जाऊ लागलं आणि मग सकाळच्या टेबलावर रुळलं. त्याच्यासाठी दातेरी कडेचा खास चमचासुद्धा निघाला. १८९४-९५ च्या हिवाळ्यात कडक थंडीने फ्लोरिडातल्या बागा मेल्या, त्या पुन्हा लावल्या. टेक्सासमध्ये १९२९ मध्ये एका गुलाबी जातीच्या झाडावर लाल गराचं फळ सापडलं, ते 'रुबी रेड'. तिथेही १९८३ आणि १९८९ च्या थंडीने बागा साफ झाल्या होत्या. १९९३ मध्ये टेक्सासने त्याला राज्यफळ केलं.

शेवटी एक अगदी महत्त्वाचं. कॅनडात डॉ. डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधाबरोबर दारू घेतली तर काय होतं हे तपासत होते. दारूची चव कळू नये म्हणून त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि रक्तात औषधाचं प्रमाण अपेक्षेच्या कितीतरी पट निघालं. १९८९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आपल्या आतड्यात औषध मोडणारं एक विकर असतं, ते या फळातल्या द्रव्यांमुळे बंद पडतं आणि एका फळाचा परिणाम दिवसभराहून जास्त टिकतो. म्हणजे गोळी सकाळी आणि फळ संध्याकाळी, असा तोडगा चालत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या आणि आणखी बरीच औषधं यात येतात. आणि लक्षात ठेवा, आपल्या पपनसातही तीच द्रव्यं असतात. नाश्त्याला आणण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गोळ्यांची नावं डॉक्टरांना दाखवा.

सासूबाईंची गोळी त्याच वर्गातली निघाली. आठ दिवस त्या रोज आवडीने खात होत्या. डॉक्टरांनी नको म्हटल्यावर त्या हसून म्हणाल्या, "आता खरंच निषिद्ध फळ झालं की!" दुसऱ्या दिवसापासून लेक त्यांच्यासाठी मोसंबी सोलते. मोसंबीत ती द्रव्यं नसतात. पापुद्रे काढून, वाटीत, साखरेशिवाय. गोड त्यांनी गेल्या दशलक्षणापासून सोडलंय.